नाना बापटांचा चीन

चीनशी माझं वैयक्तिक वैर आहे. बासष्ट सालाबद्दल बोलत नाही, ते सगळ्या देशाचं होतं. माझं वेगळं. मी चीनला कधी गेलो नाही, कुणा चिनी माणसानं माझं काही वाकडं केलं नाही. उलट आमच्या कोपऱ्यावरच्या चिनी हॉटेलचा मालक मला पाहिलं की न मागता मिरचीच्या तेलाची वाटी आणून ठेवतो. तरी कुणी चीनचं नाव काढलं की माझं तोंड आंबट होतं. याला जबाबदार एकच माणूस. वामन गणेश बापट, म्हणजे आमचे नाना.

नाना न्यू जर्सीत आमच्या घरापासून चार घरं सोडून राहायचे. उंच, वाळके, कान थोडे पुढे आलेले. राज्यातले पूल तपासायची त्यांची नोकरी. दिवसभर पुलाच्या पोटाखाली उभं राहून भेगा शोधायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन गप्प बसायचं. सुमतीवहिनी बँकेत होत्या. त्याही फार बोलत नसत. त्या दोघांच्या घरी गेलं की चहा उत्तम मिळायचा आणि घड्याळाची टिकटिक स्वच्छ ऐकू यायची.

आता त्या काळातली माझी थोरवी सांगायला हवी, नाहीतर माझं काय गेलं ते कळणार नाही. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. एडिसन-आयसेलिनच्या टापूत आम्ही वीस-पंचवीस मराठी घरं. ओक ट्री रोडवर आपली दुकानं नुकती कुठे उघडायला लागलेली. दर शनिवारी कुणाच्या तरी घरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायचा. मसालेभात झाला, श्रीखंड झालं, बायका कॉफी घेऊन गालिच्यावर टेकल्या, की घरातली सगळ्यात मऊ खुर्ची आपोआप रिकामी व्हायची आणि कुणीतरी म्हणायचं, "हं, अरविंदराव." मग मी बसायचो, घसा साफ करायचो आणि सांगायचो. गॅरेजमध्ये शिरलेलं हरीण, विमानतळावर कस्टमच्या साहेबाला पाजलेलं कैरीचं पन्हं, आमच्या सासूबाई आणि डिशवॉशर. लोक लोळायचे. गणपतीत शाळेचा हॉल भाड्यानं घ्यायचो, तिथं महाप्रसादानंतरचा अर्धा तास माझा. सलग चार वर्षं. नोकरीत मला कुणी ओळखत नव्हतं, बढती दोनदा हुकली होती, आणि पोरं माझ्याशी इंग्रजीत एका शब्दात बोलत. तो अर्धा तास आणि ती खुर्ची, एवढीच काय ती माझी जहागीर.

नाना त्या गर्दीतले सगळ्यात वाईट श्रोते. हसायचे सगळ्यांबरोबर, पण नंतर माझ्याजवळ येऊन हळूच विचारायचे, "हरीण आत आलं तेव्हा दार वर उचलायचं होतं, की बाजूला सरकणारं?" त्यात खवचटपणा नसायचा. त्यांना ते चित्र डोळ्यांपुढे नीट लावायचं असायचं. मी म्हणायचो, नाना, दार कसं का असेना, हरीण बघा. ते मान डोलवायचे, पण पटायचं नाही. "पाहिलं तेवढं सांगावं," हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणी भारतातल्या राजकारणावर मत विचारलं तरी ते म्हणत, "मी इथं असतो. मी पाहिलेलं नाही." एकदा आम्ही दोघं एका नव्या पुलावरून जात होतो. मी म्हटलं, काय भक्कम आहे हो. ते म्हणाले, "वरून भक्कमच दिसतो." पुढचे पाच मैल मी गाडीत पाय वर धरून बसलो होतो.

असा हा माणूस एका वर्षी अमेरिकन इंजिनिअरांच्या गटाबरोबर तीन आठवडे चीनला गेला. बरोबर वहिनी. चीन तेव्हा पाहुण्यांना नुकता दार उघडत होता, आणि आमच्यातलं कुणी तिकडे गेलेलं नव्हतं. मी म्हटलं, जाऊ दे बिचारे. येतील, दोन पुलांच्या लांब्या सांगतील आणि झोपतील.

परत आल्यावर पहिला स्लाइड शो आमच्याच घरी झाला. माझ्या बायकोनं, मंगलनं, हौसेनं बोलावलं होतं. भिंतीवरची चित्रं काढून पांढरी चादर लावली ती मी, या हातांनी.

नानांनी प्रोजेक्टर सुरू केला आणि सांगायला लागले. सांगण्यात काहीही नाट्य नव्हतं. ग्वेलिनजवळच्या नदीतून बोटीनं गेलो, दोन्ही काठांना डोंगर. डोंगर कसे, तर लहान मुलाला डोंगर काढ म्हटलं तर तो काढतो तसे, एकेक सुटा आणि उभा. "मला वाटायचं त्यांच्या चित्रांतले डोंगर खोटे असतात. खोटे नाहीत. आम्ही चार तास पाहिले." मग गळ्याला दोरी बांधलेला पाणकावळा, जो मासा पकडतो पण गिळू शकत नाही. तो पक्षी दाखवून ते थांबले आणि म्हणाले, "हा माझ्याकडे बराच वेळ बघत होता. सरकारी नोकर सरकारी नोकराला ओळखतो." सगळे हसले. मीही हसलो, पण माझ्या लक्षात आलं की हे हसू माझ्या हरणाच्या हसण्यापेक्षा अर्धा सेकंद जास्त टिकलं.

आणि मग दोघांची जुगलबंदी. नाना मध्येच अडायचे आणि अंधारात विचारायचे, "सुमती, हा बुधवार की गुरुवार?"

"गुरुवार. बुधवारी तुमचा बूट फाटला."

"बरोबर. म्हणजे हा बूट नवीन आहे. कापडी."

सगळं घर चादरीवर नानांचे बूट शोधायला लागलं. वहिनी मग आपलं सांगायच्या. हॉटेलच्या खोलीत साधं पाणी मागितलं तर थर्मासभर उकळतं पाणी येतं, आणि सकाळी सहाला दारावर न ठोठावता दुसरा थर्मास. लहान पोरांच्या चड्ड्या मागून उभ्या फाटलेल्याच शिवतात, म्हणजे कुणाला काही धुवायला नको. शांघायच्या बागेत पहाटे म्हाताऱ्या बायका इतक्या सावकाश व्यायाम करतात की आधी वाटलं त्या काहीतरी हरवलेलं शोधताहेत. वहिनी साडीत त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या, तर व्यायाम थांबला. एक ऐंशीची म्हातारी पुढे आली, तिनं वहिनींच्या निऱ्या एकेक करून मोजल्या, मग मागे फिरून बाकीच्यांना आकडा सांगितला. बाकीच्यांनी वहिनींची नवी ओळख झाल्यासारख्या माना हलवल्या.

ही म्हातारी मला मिळायला हवी होती. मी तिला नाव दिलं असतं, बांगड्या दिल्या असत्या, तिच्या तोंडी एक म्हण घातली असती. या बाईनं तिला जशीच्या तशी आणली आणि लोकांच्या डोळ्यांपुढे उभी केली. कॉफी संपली तरी कुणी खुर्चीकडे पाहिलं नाही. खुर्चीवर प्रोजेक्टरचं खोकं ठेवलं होतं.

पुढच्या शनिवारी मीही तो प्रयोग करून पाहिला. गोष्ट रंगात आली असता अडलो आणि म्हटलं, "मंगल, हे मंगळवारी झालं ना?" मंगल भांडी आवरत होती. तिथूनच म्हणाली, "मला काय माहीत? तुम्ही आत्ताच तर रचताय." त्या रात्री सगळ्यात मोठा हशा तिला मिळाला.

त्या उन्हाळ्यात नानांना घराघरांतून बोलावणी आली. फिलाडेल्फियाहून आली. लोक मला सांगायचे, नानांची ती जेवणाची गोष्ट ऐकलीत का. मी ऐकली होती. आमच्याच घरी, चादरीवर.

ती अशी. नदीकाठच्या एका शहरात मोठ्या पुलाचे मुख्य इंजिनिअर, वू म्हणून एक वृद्ध गृहस्थ, यांनी गटाला मेजवानी दिली. गोल टेबल, मध्ये फिरणारी चकती. नाना मांसमच्छी खात नाहीत हे कळल्यावर वू साहेबांनी मुद्दाम वेगळे पदार्थ करवले होते. कमळाचे देठ, मशरूम, बांबूचे कोंब. तिकडची रीत अशी की यजमान आपल्या हातानं पाहुण्याला वाढतो, आणि पाहुण्यानं पोट भरलं की ताटात थोडं शिल्लक ठेवायचं. ताट रिकामं म्हणजे पाहुणा भुकेला. नानांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी ताट आपल्या पद्धतीनं लखलखीत केलं. वू साहेबांनी भरलं. नानांनी संपवलं. वू साहेबांनी भरलं. बाकीचं टेबल कधीच थांबलं होतं. स्वयंपाकघरातून परत एकदा सगळं आलं. दोघांनाही घाम फुटला होता, दोघेही हसत होते, आणि कुणीच हटत नव्हतं. शेवटी वहिनींनी नानांचं रिकामं ताट ओढून घेतलं, आपलं अर्धं भरलेलं त्यांच्यापुढे सरकवलं आणि टेबलाखाली त्यांचा उजवा हात घट्ट धरून ठेवला. वू साहेबांनी त्या शिल्लक अन्नाकडे पाहिलं, काड्या खाली ठेवल्या आणि मोठा सुस्कारा सोडला.

नाना हे चार मिनिटांत सांगायचे. मी मनातल्या मनात त्याची वीस मिनिटं केली होती.

ऑगस्टमध्ये मंडळाचे सेक्रेटरी पुरोहित यांचा फोन आला. म्हणाले, यंदा गणपतीत महाप्रसादानंतर नानांचा स्लाइड शो ठेवतोय, लोकांचा फार आग्रह आहे. मी म्हटलं, वा, छानच. ते म्हणाले, तुमची मात्र मदत लागेल. मला वाटलं प्रास्ताविक. ते म्हणाले, "प्रोजेक्टर चालवाल ना? नाना म्हणाले अरविंदराव असले तर मला काळजी नाही."

फोन ठेवून मी बराच वेळ जिन्यावर बसलो होतो. मंगलनं विचारलं काय झालं, तर म्हटलं काही नाही, माझी जहागीर खालसा झाली.

आता जे केलं ते सांगतो. गणपतीच्या आधीच्या शनिवारी आयसेलिनला एकांकडे जेवण होतं. बापट नवरा-बायको कुठल्याशा लग्नाला गेले होते. हॉलमध्ये येणारी बरीच माणसं तिथं होती, उरलेल्यांना आठवडाभरात फोनवरून कळणारच होतं. जेवणं झाली, खुर्ची रिकामी झाली, आणि मी नानांची जेवणाची गोष्ट सांगितली. नाव त्यांचंच ठेवलं, चोरी अगदी सचोटीनं केली. पण सात ताटांची सतरा केली. शर्टाची बटणं उडवली, एक बटण वू साहेबांच्या चहात पाडलं. आचारी रडत बाहेर आणला. शेवटी महापौरांनी तहाची बोलणी केली. लोक गालिच्यावर अक्षरशः आडवे झाले. एका बाईंना पाणी द्यावं लागलं. घरी परतताना मंगलनं गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "पुढच्या शनिवारी ते बिचारे काय सांगणार?"

मी म्हटलं, "डोंगर आहेत ना."

तो शनिवार आला. मी हॉलमध्ये मागे, प्रोजेक्टरच्या टेबलाशी. स्लाइडची गोल थाळी माझ्या ताब्यात होती. दुपारी मोहात पडून मी एक स्लाइड उलटी घातली होती, मग लाज वाटून सरळ केली, एवढं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो. दिवे मालवले. डोंगर झाले, पाणकावळा झाला, बूट झाले. मग मी बटण दाबलं आणि पडद्यावर गोल टेबल आलं.

नानांनी तोंड उघडायच्या आधीच हॉल फुटला. दोनशे माणसं हसायला लागली. पुढून कुणीतरी ओरडलं, "नाना, सतरा प्लेटी." एक पोरगं म्हणालं, "अँड द बटन्स!" नाना गोंधळले. त्यांनी खाली वाकून आपल्या शर्टाकडे पाहिलं, तसा आणखी हशा झाला. मग ते म्हणाले, "सतरा नाही. सात. जास्तीत जास्त आठ." कुणी ऐकलं नाही. ते थांबले. हळूहळू त्यांची नजर अंधारातून मागे, माझ्या दिशेनं आली. प्रोजेक्टरचा झोत त्यांच्या डोळ्यांवर होता, त्यांना मी दिसणं शक्य नव्हतं. तरी त्यांना कळलं, हे मला कळलं.

त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींना विचारलं, "सुमती, पुढचं सांगू?"

वहिनी म्हणाल्या, "सांगा."

"ही गोष्ट तुम्ही ऐकलेली दिसते," नाना म्हणाले. "मग ती सोडून देतो. तिच्यापुढचं मी कुठे सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वू साहेब मला त्यांच्या पुलावर घेऊन गेले. बरोबर दुभाषा होता. दुभाष्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, साहेब रात्री झोपले नाहीत, तुम्ही उपाशी तर राहिला नाहीत ना अशी त्यांना शंका आहे. म्हणाला, फार वाईट वर्षं आली होती तेव्हा त्यांच्या घरी एक पाहुणा आला आणि त्याच्यापुढे ठेवायला काही नव्हतं. तेव्हापासून पाहुण्याचं रिकामं ताट त्यांना बघवत नाही. मग मी दुभाष्याला म्हटलं, त्यांना माझं सांग. मी शाळेत असताना वार लावून जेवलो. सोमवार एका घरी, बुधवार दुसऱ्या. सात वारांना सहा घरं होती. मंगळवार रिकामा होता. त्यामुळे ताटात टाकणं मला येत नाही. अजून येत नाही."

हॉलमध्ये प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"दुभाष्यानं ते सांगितलं. तिकडे रीत आहे, पाहुण्यासाठी टाळ्या वाजवतात, आणि पाहुण्यानंही उलट वाजवायच्या असतात. वू साहेब पुलावर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मग मीही वाजवल्या. सायकलवाले थांबून बघत होते. बराच वेळ वाजवत होतो." ते थांबले. "त्याचा फोटो नाही. सुमतीकडे कॅमेरा होता, पण तिनं काढला नाही. नेक्स्ट, अरविंदराव."

मी बटण दाबायचं विसरलो होतो. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला लाज नंतर वाटली. आधी मनात आलं ते असं, की काय जागा घेतली या माणसानं. अशी शांतता मला आयुष्यात एकदा मिळाली असती तर सगळ्या हरणांवर पाणी सोडलं असतं. मत्सर हा प्रामाणिक असतो, तो प्रसंग बघून मागे हटत नाही.

दिवे लागल्यावर नाना थाळी परत न्यायला माझ्यापाशी आले. म्हणाले, "एकही स्लाइड उलटी आली नाही. आभार." आणि गेले. त्यांनी रागावून काही म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाय धरले असते. ते काहीच म्हणाले नाहीत. मग मीही जाणं टाळत गेलो. दोन वर्षं रस्त्यात भेटलो की हवा, गवत, बर्फ. मऊ खुर्ची मला परत मिळाली होती, कारण नानांकडे दुसरा चीन नव्हता आणि एकच शो ते पुन्हा पुन्हा करणाऱ्यांतले नव्हते. पण गोष्ट सांगताना मी अधूनमधून त्यांच्याकडे बघायचो, आता दार विचारतील म्हणून. त्यांनी विचारणं सोडून दिलं होतं. ते मला फार लागलं.

नाना रिटायर झाले आणि मुलाजवळ राहायला सनीव्हेलला निघाले. सामान ट्रकनं पुढे गेलं होतं, ही दोघं गाडीनं अख्खी अमेरिका ओलांडून जाणार होती. निघायच्या सकाळी मंगलनं दशम्यांचा डबा दिला आणि म्हणाली, मी भेटून आलेय, हा तुम्ही नेऊन द्या. मी न सांगता तिला सगळं कळत होतं. गेलो. घर रिकामं होतं. वहिनी गाडीत बसल्या होत्या, दार उघडं, पाय बाहेर. मी डबा दिला, प्रवास सांभाळून करा म्हटलं, नमस्कार केला.

नाना म्हणाले, "अरविंदराव, एक राहिलं. ती जेवणाची गोष्ट तुम्ही कशी सांगता, ती सगळ्यांनी ऐकलीय. मी ऐकलेली नाही."

मी म्हटलं, नाना, माझं चुकलं. हे दोन वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण सांगा. पूर्ण सांगा."

वहिनी आतून म्हणाल्या, "आणि घाई करू नका. आम्हाला दहा दिवसांचा रस्ता आहे."

मग मी सांगितली. ड्राइव्हवेवर उभं राहून, सकाळी नऊ वाजता, दोन माणसांपुढे. पहिली तीन ताटं अडखळत गेली. पाचव्या ताटाला नाना हसले. बटण चहात पडलं तेव्हा त्यांनी गाडीच्या टपाला धरलं. आचारी रडत आला, तेव्हा ते स्वतःच डोळे पुसत होते. महापौर येईपर्यंत त्यांनी मला एकदाही अडवलं नाही, ताटं किती, टेबल केवढं, काही नाही. संपल्यावर त्यांनी दम घेतला आणि म्हणाले, "असं झालं असतं तर किती बरं झालं असतं हो."

माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. मग बसले आणि गाडी निघाली.

रस्त्याच्या टोकाला स्टॉपची पाटी आहे. गाडी तिथं थांबली आणि पुढे जाईना. मी ड्राइव्हवेवरूनच बघत होतो. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. वहिनींनी नानांकडे वळून काहीतरी म्हटलं. फार नाही, एखादंच वाक्य असेल. नानांचे खांदे हलायला लागले, मग जोरात हलायला लागले, मग त्यांचं डोकं सरळ स्टिअरिंगवर पडलं आणि हॉर्न वाजला. सगळ्या गल्लीत वाजला. कुत्री भुंकली. समोरची बाई पडदा सारून बघायला लागली. हॉर्न थांबला, पुन्हा वाजला, आणि मग गाडी वळून दिसेनाशी झाली.

माझ्या सतरा ताटांना हॉर्न वाजवता आला नव्हता. त्या बाईनं काय म्हटलं असेल, याचा मी आजही विचार करतो, आणि आजही मला झोप येत नाही.